खिडकीवाली मावशी

मंगळवार, २ डिसेंबर. हसनाबाद

आलो एकदाचे! सामान उतरवताना टेम्पोवाल्याने दोनदा विचारलं, की ताई, कायमचं राहायला आलात का. निखिल तर जालन्याहून निघतानाच चिडवत होता, की दीड महिन्यासाठी एवढं बिऱ्हाड हलवणारी तू पहिलीच. नवरे नुसते चिडवतात, लेकराची छाती आयांनाच शेकावी लागते, असं मी त्याला ऐकवलं. मग कुकर उचलून आत घेऊन गेला.

दिवाळीत जान्हवीला निमोनिया झाला. सहा वर्षांचं पोर, आठवडाभर दवाखान्यात नळ्या लावून पडलं होतं. ते दिवस मला पुन्हा आठवायचे नाहीत. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की हिवाळाभर शाळा नको, घरीच आराम, गार वारं लागू द्यायचं नाही आणि धुळीपासून, धुरापासून लांब ठेवायचं. जालन्यात आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत कारखान्यांची काळी कणी बसते. तीच हवा पोरीच्या छातीत जाते. मी ऑफिसात बालसंगोपन रजा टाकली आणि निखिलच्या मित्राने हे घर मिळवून दिलं.

घर झकास आहे. स्लॅबच्या दोन खोल्या, अंगणात शेवगा, मागे तूर आणि ज्वारी. घरमालकीण गोजरबाई शेजारच्याच घरात एकट्या राहतात. आतली खोली आम्ही झोपायला घेतली. तिला शेताकडची एकच खिडकी, हिरव्या झडपांची. मी उदबत्ती पेटवून सगळ्या भिंतींपाशी, दारापाशी फिरवली. जिथे धूर हलला तिथे फट आहे असं समजायचं आणि चिंधी कोंबायची. शेवटी धूर सरळ काठीसारखा वर गेला तेव्हाच मी जेवायला बसले. निखिल हसून लोळत होता. हसू दे. संक्रांतीला तो गाडी घेऊन न्यायला येईल, तेव्हा गुबगुबीत लेक त्याच्या हवाली करीन.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आमचं वेळापत्रक लागलं. ऊन चढल्यावर अंगणात बाज टाकायची, डिंकाचा लाडू, मग हळदीचं दूध. दुपारी छातीला ओव्याची पुरचुंडी. पोरगी लाडवातला डिंक तेवढा वेचून खाते आणि बाकीचा लाडू कोंबड्यांना घालते. गोजरबाईंच्या कोंबड्यांना यंदा सर्दी व्हायची नाही.

हिटर मात्र कुचकामी ठरला. लावला की घरातली वीजच जाते. कोपऱ्यावर कडूबाचं लाकूड-कोळशाचं दुकान आहे, त्याने जुनी लोखंडी शेगडी दिली आणि बाभळीचा कोळसा. शेगडी अंगणात फुलवायची, निखारे लालबुंद होऊन धूर पुरता गेला का मंग आत घ्यायची, असं त्याने दोनदा बजावलं. म्हणाला, "धूर न्हाई तर डर न्हाई, ताई. बिलकुल न्हाई." मला हा माणूस आवडला. धूर मलाही चालणार नव्हताच. आत घेतल्यावर मी वाकून वास घेतला, काही नाही. खोली अर्ध्या तासात आईच्या कुशीसारखी उबदार झाली.

बुधवार, १० डिसेंबर

आज दोघी उशिरापर्यंत झोपलो. माझं डोकं जड, पोटात मळमळ. पित्त असेल, लाडू मीही खाते ना. उठून बघते तर खिडकी सताड उघडी! गार वारं सरळ जान्हवीच्या अंगावर. मी झडप घालून खिडकी लावली आणि तिला चांगलीच रागावले. ती म्हणाली, की तिने नाही उघडली, मावशीने उघडली. कुठली मावशी, तर खिडकीवाली.

मी तिला शेगडीच्या चिमट्याशी खेळू देत नाही, म्हणून हा नवा उद्योग. एवढं मात्र खरं, की तेवढ्या वाऱ्यात माझं डोकं उतरलं.

रविवार, १४ डिसेंबर

निखिल आला होता. दिवसभर अंगणातच बसलो, हुरडा खाल्ला. जान्हवीने त्यालाही मावशीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, पोर एकटं पडलंय, चल, आजच परत जाऊ. मी नाही म्हणाले. तिचा खोकला निम्म्यावर आलाय, आता पुन्हा त्या धुरात नेऊ? थोडं वाजलंच आमचं. जाताना त्याने खोलीत डोकावून सांगितलं, की दिवसा तरी खिडकी उघडत जा. हो म्हणाले. उघडणार नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

काल खिडकीच्या कड्या सुतळीने करकचून बांधल्या. निरगाठीवर निरगाठ. आज खिडकी उघडी आणि सुतळी कठड्यावर, गुंडाळून नीट ठेवलेली. बायका ठेवतात तशी, चार बोटांवर गुंडाळून मध्ये आडवा वेढा देऊन. जान्हवीला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

मी तिला जवळ घेऊन विचारलं. तिने अगदी सहज सांगितलं. मावशी हिरवं लुगडं नेसते. डोक्याला, कानाला फडकं गुंडाळते. बोलत नाही. शेगडीकडे बघून पदर नाकाला लावते आणि मग खिडकी उघडते. मावशीला आपली शेगडी आवडत नाही, असं ती म्हणाली.

कानाला फडकं बाळंतीण गुंडाळते. हे पोरीला कुणी सांगितलं?

मंगळवार, २३ डिसेंबर

मी पाहिली. भर दुपारी. आभाळ आलं होतं म्हणून आतच होतो, दार लावून, शेगडी पेटलेली. जान्हवी झोपली होती, माझं डोकं ठणकत होतं. डोळा लागला असेल, तर लागला असेल. पण कडी वाजली म्हणून मी बघितलं आणि खिडकीपाशी ती पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं. दोन्ही झडपा ढकलल्या आणि वळून तिने माझ्याकडे नाही, जान्हवीकडे पाहिलं. मी इतकी घाबरले, की किंचाळले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. गोजरबाई धावत आल्या तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो.

लुगड्याचा रंग सांगितला तशा त्या मट्‌कन खाली बसल्या. मग रडत रडत सगळं सांगितलं. सत्यशीला, त्यांची सून. पाच वर्षांपूर्वी ह्याच खोलीत बाळंतपण झालं, असेच थंडीचे दिवस होते. "म्या सोताच्या हातानं शेगडी भरून देत होते, बाई. येक झुळूक आत येऊ दिली न्हाई. तरीबी दोघं गेले. सकाळी दार उघडलं तर झोपल्यावानी पडलेले. आंगावर वरखडा न्हाई. गाल असे लाल, जणू आत्ताच न्हाऊन आल्ते." बाळंतिणीला बाहेरचं लागलं, असं गावाने ठरवलं. मुलगा त्यानंतर सुरतेला गेला तो आलाच नाही.

आता ती लेकरासाठी येऊन राह्यली, असं त्या म्हणतात. उपाय त्यांनीच सांगितला. खिडकीला लोखंडाचे खिळे. आणि इस्तू विझू द्यायचा न्हाई. निखारा असला का असली बाई लेकराजवळ येत न्हाई.

शनिवार, २७ डिसेंबर

निखिलला फोन केला. तो म्हणाला, ताबडतोब निघ. पण थंडीची लाट आली आहे, जान्हवीला कणकण आहे आणि डॉक्टरांनी फोनवर बजावलं, की एवढ्या गारठ्यात जीपमधून आणू नका. निखिलला संक्रांतीशिवाय सुट्टी नाही. म्हणजे राहायचं. मी शिकलेली बाई, ह्या गोष्टींना हसणारी. पण लेकराच्या बाबतीत मी देवाला भिते आणि भुतालाही भिते, त्यात लाज कसली?

कडूबाकडून हातोडी आणि खिळे आणले. मीच ठोकले. एक बोटावर बसला. आणखी एक शेगडीही आणली.

गुरुवार, १ जानेवारी

नवं वर्ष. खिडकी बंद. कुणी आलं नाही. जान्हवीचा खोकला जवळजवळ थांबला. गाल छान गुलाबी झालेत. निखिलने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि मान्य केलं, की बाई, तू जिंकलीस. जीव भांड्यात पडला.

खात मात्र नाही. दोनदा उलटी झाली. झोपते फार. डॉक्टर म्हणालेच होते, आराम हवा.

मंगळवार, ६ जानेवारी

ठकठक. खिडकीवर. आधी वाटलं बाहेरून. बाहेर जाऊन पाहिलं, शेतात कुणी नाही. आत आले, दार लावलं, की पुन्हा.

आतून वाजतंय.

शुक्रवार, ९ जानेवारी

खिळ्यांच्या भोवती लाकडावर ओरखडे. नखांचे. जान्हवीची नखं मी पाहिली, स्वच्छ आहेत. माझीही.

अक्षर वाकडं येतंय. डोकं सतत — अंगणात गेलं की बरं वाटतं. पण तिला एकटं कसं सोडू?

रविवार, ११ जानेवारी

दोन्ही शेगड्यांत पाणी. निखारे काळे, राखेचा चिखल. मी ओतलं नाही. जान्हवीला तांब्या उचलवत नाही आता.

विस्तवाला घाबरते म्हणूनच विझवला. गोजरबाई बराबर म्हणत होत्या. पुन्हा पेटवल्या. जास्त भरल्या. मी मागे हटणार नाही, सत्यशीला. माझं लेकरू मिळायचं नाही तुला.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी

सकाळी गोजरबाई भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी देऊन गेल्या. वर लोण्याचा गोळा. न खाई भोगी तो सदा रोगी, लेकराला घासभर तरी चारा, म्हणाल्या. जान्हवी उठेना. झोपू दे. उद्या बाबा येणार. बाहेर बोचरं वारं. शेगड्या फुलवून आत घेतल्या, दार लावलं, खालच्या चिंध्या नीट बसवल्या.

दुपार असेल —

ती आत आहे. खिडकीकडे जात नाही आता. जान्हवीच्या उशाशी बसली आहे. उठायला गेले. पाय उचलत नाहीत.

रडते आहे. पदर नाकाला. दुसऱ्या हाताने शेगडी दाखवते — परत शेगडी — मांडीवर बाळ आहे तिच्या. निजलेलं. गाल लाल. जान्हवीसारखे —

जान्हवीसारखे.

न्यायला नव्हती आली. ती न्यायला — खिडकी उघडायची रोज — धूर नव्हता, पण कोळशाचा वायू —

मीच ठोकले. हातोडी परत दिली.

हाक मारते, आवाज फुटत नाही. पेन तेवढं हातात. दार लांब आहे. आधी जान्हवी. ओढून घेतलं कुशीत. ऊब आहे अजून. ऊठ बाळा. खोकत का नाहीस? सगळा हिवाळा तुझा खोकला थांबावा म्हणून — आता खोक. रागावणार नाही. एकदा खोक गं, आईसाठी एक —