इंजिन चालू ठेवून

बुधवार, अकरा तारीख
डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावरून

प्रिय दादा,

नमस्कार. तू खुशाल असशील, वहिनी बऱ्या असतील आणि तुझी मुलगी एव्हाना सायकल चालवत असेल, असं धरून चालते. नऊ वर्षांत विचारायला मला तोंडच नव्हतं. तुझा नंबर इथे कुणाकडे नाही. पत्ता तेवढा तुझ्या जुन्या ओळखीच्या बॅटरीवाल्याकडून मिळवला. त्याने आधी मला दहा मिनिटं उभं करून नीट न्याहाळलं, मग दिला.

पत्र फेकू नकोस. गाडीचं आहे. बाबांच्या जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स जायला आलाय, आणि आठवड्यातून तीनदा मी त्याच गाडीने आईला डायलिसिसला आणते. हो, आपल्या आईला. सात महिने झाले. आत्ता ती आत यंत्राला जोडलेली आहे आणि माझ्या हातात चार तास आहेत.

तू गिऱ्हाइकांना म्हणायचास, "आजार मी ओळखीन, तुम्ही लक्षणं सांगा." तर लक्षणं सांगते.

सकाळी गार गाडी पुढे न्यायला 'डी'मध्ये टाकली की आधी काहीच होत नाही. मी तीन आकडे मोजते, मग ती धक्का मारून निघते. पाच-सहा किलोमीटर शहाण्यासारखी चालते. तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेगच घेत नाही. खालून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो. रिव्हर्स गेल्या आठवड्यापर्यंत पडत होता, आता तापल्यावर तोही नाही. गिअरबॉक्सचं ऑइल लाल होतं ते करपलेल्या चहासारखं झालंय, वासही तसाच.

तीन मेकॅनिक झाले. पहिला म्हणाला, सेन्सर. दुसरा म्हणाला, इंजिनातच दम नाही. तिसऱ्याने बॉनेटही उघडलं नाही, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, भंगारात घाला." नाचता येईना, अंगण वाकडं!

परवा सोमवारी ती चढावर थांबली. दवाखान्याची पाटी समोर दिसत होती. आईच्या पायावर इतकी सूज की चप्पल घालता येत नाही, आणि मागच्या सीटवरून ती मला विचारते, "उतरून ढकलू का गं?" मी हसले आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. दीड तासाने कुणीतरी ओढून वर नेलं तोवर आमची पाळी गेली होती. सोमवारचं डायलिसिस बुडालं.

आज शेजारच्या मास्तरांनी रजा काढून त्यांच्या गाडीतून आणलं. शुक्रवारी त्यांच्या शाळेत परीक्षा आहे. गाडी नेतेस तर ने म्हणतात, पण तिला क्लच आहे आणि माझा अधू डावा पाय तुला ठाऊक आहे. मला 'हाफक्लच' हे नाव तूच ठेवलंस. टॅक्सीवाला आईची अवस्था बघून म्हणतो, वाटेत काही झालं तर मी निस्तरणार नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा एक चुकलं तर पाणी फुप्फुसात चढेल. दादा, मला काही म्हणजे काही सुचत नाही. एकदा येऊन बघ.

तू विचारशील, बाकी सगळं लिहिलंस, ऑइलची पातळी का नाही लिहिलीस? कमी आहे. तेव्हाही कमीच होती, तू म्हणालास तशी. त्या दिवशी डिपस्टिक, ती ऑइल मोजायची पट्टी, बघताना माझी चूक झाली.

वरची ओळ खोडणार होते. राहू दे. मी अजून कशी आहे ते तुला कळेल.

चूक झाली नव्हती. गाडीखाली लाल थेंब बघून तू म्हणालास की सील गेलंय, ऑइल कमी आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तुझं वर्कशॉप नुकतं सुरू झालेलं. बाबा म्हणाले, "आता घरातच गिऱ्हाईक शोधतोस का?" तू मागे नळावर हात धुवायला गेलास आणि त्यांनी मला डिपस्टिक काढायला सांगितली. इंजिन बंद होतं. या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून बघायचं. बंद केलं की वरचं सगळं खाली उतरतं आणि कमी असलेलंही भरलेलं दिसतं. हे तूच मला शिकवलं होतंस. बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी डिपस्टिक पुसली, आत घातली, काढली आणि बाबांच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "फुल आहे."

तू धावत आलास. "इंजिन चालू करून बघा," असं तू तीनदा तरी म्हणालास. बाबा म्हणाले, "लबाडाला शंभर वाटा." मग तू माझ्याकडे वळलास. "तू सांग ना त्यांना." मी मान खाली घालून ती पुसलेलीच डिपस्टिक पुन्हा पुसत राहिले.

का, ते सांगते. बाबा सकाळीच म्हणाले होते की मोठं काम निघालं तर गाडी विकून टाकतो. गाडी गेली की मी परत घरात, खिडकीशी, कुणी कुठे नेईल त्याची वाट बघत. मला गाडी हवी होती. त्यासाठी मी तुला लबाड ठरवलं. बाबा गेले तेही तुला तसंच समजून, आणि तू खांदा द्यायला आलास तेव्हाही मी गप्प राहिले.

तू घर सोडल्यावर पुढची नऊ वर्षं मी कुणाच्या नकळत थोडं थोडं ऑइल घालत आले. सील बदलून घेता आलं असतं. पण ते बदललं असतं तर घरात तू खरा ठरला असतास. आईचं डायलिसिस सुरू झालं, त्या धावपळीत दोनदा ऑइल घालायचं विसरले. गाडीला तेवढं पुरलं.

आईला यातलं काही माहीत नाही.

बुधवार, संध्याकाळ. घरी.

मघाशी इथेच संपवणार होते. परतताना मास्तरांच्या गाडीत आईने विचारलं, "कुणाला एवढं लिहीत होतीस?" मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. बिचाऱ्या मास्तरांनी रेडिओ मोठा केला.

घरी येऊन ती खुर्चीत बसली, पाणीही मागितलं नाही. मग म्हणाली, "शुक्रवारी मी जाणार नाही."

"आई, अगं डॉक्टर काय म्हणाले ते—"

"तुझ्या गाडीतून नाही, मास्तरांच्या नाही, कुणाच्याच नाही. नऊ वर्षं मी माझ्या पोराला लबाड समजले. तो न्यायला आला तर जाईन. नाही आला तर त्याचंही बरोबर आहे."

मी ओरडले, पाया पडले, नको नको ते बोलले. तिने चष्मा काढून डबीत ठेवला. चष्मा डबीत गेला की तिचं बोलणं संपलं, हे तुला मी सांगायला नको.

दादा, हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या शेवटच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. उद्या सकाळी वर्कशॉप उघडशील तेव्हा तो तुझ्या हातात देईल. उत्तर लिहू नकोस, तेवढा वेळ नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही. माझ्याशी बोलू नकोस, गाडीला हात लावू नकोस, पण शुक्रवारी सकाळी आठच्या आत ये आणि आईला घेऊन जा.

गाडी फाटकापाशी उभी आहे. तू आलास की आईला दारात खुर्चीवर बसवीन, गाडी तापवीन आणि तुम्हा दोघांसमोर डिपस्टिक काढीन. इंजिन चालू ठेवून.

तुझी,
हाफक्लच