ठकूने वर्गात सांगितलेली बातमी

प्रिय कॅप्टनसाहेब,

फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, मी आणि तुझी लेक, दोघंही धडधाकट आहोत. पण कालपासून माझा एक टाका सरळ पडत नाही, आणि असल्या शिंप्याकडे गिऱ्हाईक किती दिवस टिकणार ते तूच सांग.

काल दुपारी दुकानात एका कोटाची बाही कापत होतो. ठकूच्या वर्गाच्या बाई आत आल्या, त्यांच्यामागे वर्गातल्या दोन मुलांच्या आया. मग बाई हळूच म्हणाल्या, खचू नका, पोरीसाठी तरी उभं राहायला हवं. मला वाटलं, तू गेल्याचा पलटणीचा निरोप चुकून आधी शाळेत गेला. तसं कधी होत नाही, ठाऊक आहे, पण त्या वेळी डोकं कुठे चालतं? कात्री बाहीच्या पार मधून गेली. कसंबसं विचारलं, कधी? तर त्याच गोंधळल्या. म्हणाल्या, मागच्या आठवड्यात ना? ठकूनेच तर वर्गात सांगितलं, आई गेली म्हणून.

मागच्या आठवड्यात! आणि परवाच तू फोनवर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतीस. मी तिथेच चिंध्यांवर बसलो आणि हसत सुटलो. त्या बायकांना वाटलं, माणसाला वेड लागलं. मग रडायला लागलो, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. खरं काय ते सांगितल्यावर बाईंचाही चेहरा पांढरा पडला. तू नाहीस असं मी थोडाच वेळ धरून चाललो होतो, पण तो थोडा वेळ मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही.

तुझ्यापासून एक लपवलंय. तुझा फोन आला की मी सांगायचो, ठकू झोपलीय, खेळायला गेलीय. खरं म्हणजे बेल वाजली की ती न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बसते. मला वाटलं रुसलीय. रुसण्यात ती तुझ्यावरच गेलीय. पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे नेलं, तर त्यांनी जंताचं औषध दिलं.

काल घरी आलो तो तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच. ती जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. असं का सांगितलंस, एवढंच विचारलं. मान वर न करता म्हणाली, "आई मेली असं धरलं की बेल वाजली तरी पोटात दुखत नाही." पेन्सिलीला टोक काढून मागावं, इतक्या साध्या आवाजात. केवढीशी आहे गं ती, आणि हे एकटीने शोधून काढलं.

पुढच्या महिन्यात रजेवर येऊन, न कळवता तिच्या वर्गाच्या दारात गणवेशात उभं राहायचं, हा आपला बेत. तुझ्या पाया पडतो, तसं करू नकोस. आई खरंच आली तर, असं मी विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मग परत जाईल ना." म्हणून आधी तिच्याशी बोल. तिने फोन घेईपर्यंत रोज करत राहा, मी न्हाणीघराच्या दारापाशी फोन धरून उभा राहीन. येतेयस हे सांग, आणि परत जाणार आहेस हेही तूच सांग. मला ते तिला सांगवत नाही, कारण बेल वाजली की माझ्याही पोटात दुखतं.

तुझाच,
घर सांभाळणारा शिंपी