बोंबलाला मीठ नसतं

आई,

बोक्याच्या छातीतून आवाज येतो म्हणे. ठोका पडतो आणि त्याच्या मागोमाग फुस्स असं काहीतरी होतं, नळ नीट बंद न केल्यासारखं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी नळी माझ्याही कानाला लावून दिली. मला नुसती त्याची गुरगुर ऐकू आली, पण त्या इतक्या आशेनं बघत होत्या की मी मान हलवली. तू असतीस तर हसून बेजार झाली असतीस. "मांजराचं काळीज आयकाया डागतर? येडी झालीस काय गो?" असं म्हणाली असतीस. तुझं तरी काय चुकलं म्हणा. चिंचणीला तू जन्मभर मांजरांच्या मागे काठी घेऊन धावलीस. बोंबील वाळत घातले की मला शाळा बुडवून राखणीला बसवायचीस, आणि एकदा माझा डोळा लागला तर त्याच काठीनं मलाही प्रसाद दिलास. त्या मुलीनं म्हातारपणी बोका पाळावा आणि त्याला दोन वेळा पाव-पाव गोळी भरवावी, हे तुला सांगितलं तरी पटणार नाही.

मी काही त्याला हौसेनं आणला नाही. तू गेल्यावर दोन वर्षांनी तो बोईसरच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात येऊन बसला आणि बसलाच. हे वारल्यावर घरात मी एकटी, म्हणून मीही हाकललं नाही. आता पहिल्या पाळीहून साडेतीनला येते, पाय धुते आणि त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन बसते. झोपलेला असताना मिनिटात किती श्वास घेतो ते मोजायचं. तिशीच्या आत हवेत. मधेच तो कूस बदलतो, मग पहिल्यापासून मोजा. दिवसभर पॅकिंगला उभं राहून डोळे मिटायला आलेले असतात, आणि मी त्याच्या पोटाकडे टक लावून बसलेली. कंपनीत एक दिवस रजा मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "दीदी, बिल्ली के लिए छुट्टी?" हो म्हटलं, बिल्लीसाठीच. लाज वाटायचं वय गेलं माझं. खरं सांगायचं तर सगळ्याचाच कंटाळा आलाय. गोळीचा, मोजण्याचा, आणि हा गेला तर पुन्हा रिकाम्या घरात यायचं याच्या भीतीचाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी आले तर हा खाटेखाली तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. खोक्यात घातला, रिक्षा केली आणि पालघर गाठलं. छातीत पाणी झालं होतं. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनच्या पेटीत ठेवला, वर लघवीची गोळी सुरू केली. तुलाही हीच होती, आठवतं? दर अर्ध्या तासाला मी तुला धरून न्यायचे आणि तू त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडायचीस. आठ दिवसांनी दाखवायला गेले, तरी श्वास चाळीसच्या वर. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. सोलापूरकडची मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची असेल, मला लेक असती तर. म्हणाल्या, "मावशी, गोळी नीट पोटात जाते ना?" म्हटलं, जाते तर, भिजवलेल्या बोंबलात गुंडाळून देते, बोटं चाटून खातो. त्या म्हणाल्या, "सुका बोंबील? रोज? अहो, मीठ बंद सांगितलं होतं ना मी." मला त्यांचं हसूच आलं. मी त्यांना समजावून सांगितलं, की बाई, मीठ लावतात ते खारे मासे, बांगडा, मुशी वगैरे. बोंबलाला आम्ही मीठ लावत नाही. धुवायचा, जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगायचा, बाकीचं काम ऊन आणि वारा करतो. माझा जन्म गेलाय त्यात, असंही म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "धुता कशात?"

आई, टोपल्या मी बुचकळल्यात. गुडघाभर पाण्यात उभं राहून, तुझ्या शेजारी. दर्याच्याच पाण्यात. "पाणी उडून जातं ना मावशी," त्या म्हणाल्या, "मीठ कुठं जाणार?" एवढी साधी गोष्ट. शाळेतलं पोरही सांगेल. आणि आपल्या घरात जन्मलेल्या बाईच्या डोक्यात पन्नास वर्षांत ती आली नाही, कारण आम्ही मीठ लावत नाही म्हणजे नाही.

घरी येताना वाटेत कोळगावची ती मोठी मोठी सरकारी ऑफिसं दिसेपर्यंत मी फक्त बोक्याचाच विचार करत होते. मग एकदम तुझं ताट आठवलं. तुझे पाय सुजले होते, बोट दाबलं की खड्डा राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ बंद, लोणचं, पापड, खारे मासे बंद. अळणी पेज तुझ्या घशाखाली उतरेना. "ह्यापरीस इख दे," म्हणून तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मग मला बोंबील सुचला. तव्यावर भाजून दिला आणि तू पेज सगळी संपवलीस. केवढी खूश झाले होते मी. वहिनीला मुद्दाम फोन करून सांगितलं, की बघ, आई कशी जेवते माझ्याकडे. तीन महिने दोन्ही वेळ. सूज उतरत नव्हती तेव्हा मी गोळ्यांना नावं ठेवली, हवेला ठेवली, तारापूरच्या कारखान्यांनी नासवलेल्या पाण्यालासुद्धा ठेवली.

बोंबील बंद करून आता दहा दिवस झाले. गोळी तो थुंकतो, मी पुन्हा भरवते, हातावर ओरखडेच ओरखडे. माझ्याकडे पाठ करून न्हाणीच्या दाराशी बसतो. पण काल मोजले तर अठ्ठावीस. पुन्हा मोजले, सव्वीस. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "छान, मावशी, बघा, फरक पडला की नाही?" मी फोन ठेवला आणि मला त्या मुक्या जनावराचा इतका राग आला. तो बरा होतोय याचाच राग आला. तो तसाच धापा टाकत राहिला असता तर मला म्हणता आलं असतं, बोंबलानं काही होत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, डब्यात ठेवीन कुठेतरी. पण एक लिहायचं राहिलंय. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "बोंबलात मीठ नसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणाले, "आमची आई म्हणायची." तू कधी म्हणाली नव्हतीस. तू पहिला घास हातात धरून उलट म्हणालीस, "दर्याचा हाय गो तो. डागतरला इचार एकदा." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रांग होती, माझी दुसरी पाळी होती, मी थकले होते, गोळ्या घेतल्या आणि निघाले. घरी येऊन तुला सांगितलं, विचारलं, चालतो म्हणाले. तू "मग दे," म्हणालीस आणि ताट पुढे केलंस.