चंचला घेऊ की नको, असं तू विचारलंस म्हणून

मालवण,
महाशिवरात्र परवावर आली आहे

प्रिय परशुराम,

गुरुजींच्या सायकलचा तो सुटलेला मडगार्ड तुला आठवतो का? शाळेच्या वळणापलीकडून खड्ड खड्ड असा आवाज आला की आपण मारामारी अर्धवट टाकून कविता म्हणायला लागायचो, आणि तीही त्याच ठेक्यावर. अजून एखादी ओळ ओठांवर आली की मागे तो मडगार्ड वाजतो. असो. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमची ती मारकुटी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे सावित्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. आता तिला माझे सगळे दोष लख्ख दिसतात.

तू फोनवर विचारलंस, विजेची स्कूटर घेऊ की नको. तेव्हा मी 'हं हं' केलं, कारण सावित्री शेजारीच बसली होती. आता खरं लिहितो. कंपनीचं नाव 'विद्युल्लता' आणि गाडीचं 'चंचला'. (आमचा धनेश म्हणाला होता, "बाबा, कंपनी नवी आसा, वर्षभर थांबा." पण ज्या माणसांना अशी नावं सुचतात त्यांची बॅटरी वाईट कशी असेल, असं मला वाटलं.) गाडी आली ती एकच आरसा घेऊन. दुसरा मागाहून येणार होता. 'मागाहून' हा या मंडळींचा लाडका शब्द. कुडाळचं सर्व्हिस सेंटर मागाहून, सीटचं कुलूप मागाहून आणि चढणीवर मूठ पिळली की वेगसुद्धा मागाहून. जाहिरातीत लिहिलेलं अंतर ती जात असेलही, पण सपाट रस्त्यावर, वारा पाठीशी असताना आणि एखाद्या किडकिडीत माणसाला घेऊन. आपल्याकडे सपाट म्हणजे फक्त समुद्र. शिवाय तिला आवाजच नाही रे! डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या काशीबाईच्या मागून मी गेलो, तर ती दचकली आणि बांगडे रस्त्यावर. "मेल्या, भुतासारखो इलस तो!" हॉर्न वाजवायचा तर बॅटरी जाईल ही धास्ती, म्हणून हल्ली मी मोठ्याने कविता म्हणत गाडी चालवतो. गावात माझ्या डोक्याविषयी चर्चा सुरू झाली आहे.

पण खरा घोळ पूजेच्या दिवशी झाला. गाडीपुढे गाऱ्हाणं घालायला बाळा गुरवाला बोलावलं. त्याने सुरुवात छान केली. मलाच राहवेना. मी त्याच्या कानात सांगितलं, कुणकेश्वराचंही घाल. (ऑपरेशन नीट झालं तर शिवरात्रीला दर्शनाला येईन, असा सावित्रीचा नवस होता.) त्याने खणखणीत आवाजात घातलं, "बा देवा म्हाराजा, हीच गाडी सावित्रीक पाठीर बसवन कुणकेश्वराक घेवन जातली!" आणि सगळी आळी ओरडली, "व्हय म्हाराजा!" मग मी नारळ फोडला, तो पुढच्या चाकाशी फोडायचा सोडून भावनेच्या भरात जरा वर फोडला. सगळं पाणी चार्जिंगच्या भोकात. तेव्हापासून चंचला मनात आलं तर चालते, नाहीतर मध्येच डोळे मिटते.

कंपनीत समीक्षा नावाची मुलगी फोन घेते. फार गोड बोलते. "काका, पाण्याशी संपर्क आला होता का?" मी म्हटलं, पाण्याशी नाही, तीर्थाशी. ते वॉरंटीत बसत नाही म्हणे. एसटी आहे, रिक्षा आहे, पण देवासमोर आळीने 'ह्याच गाडीने' यावर होकार दिलाय. मला झोप नाही. सावित्री नवी साडी इस्त्री करून बसली आहे आणि हसत नाही, हे तर फारच वाईट. वाटेत आचऱ्यापलीकडच्या भर उन्हात, ऑपरेशन झालेल्या बाईला घेऊन ही बया थांबली तर मी काय करू, सांग. तेव्हा मित्रा, नव्या कंपनीची गाडी पहिल्याने घेणारा माणूस गिऱ्हाईक नसतो, प्रयोग असतो. घेऊ नकोस.

तुझाच,
गणपत

ता. क. वरचं सगळं विसर. समीक्षा म्हणते, आपल्या भागात आणखी एक गिऱ्हाईक झालं तर मेकॅनिकला लगेच पाठवता येईल. तू चंचला आजच्या आज नोंदव. रंग निळा घे, शोभेल तुला. पोस्टाने पाठवलं तर शिवरात्र उलटेल, म्हणून हे पत्र तुमच्या कुडाळच्या एसटीत कंडक्टरकडे देतो.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, तर फाटकाशी खड्ड खड्ड खड्ड! अंगावर काटा आला, गुरुजींना जाऊन तर युगं लोटली. बाहेर येऊन बघतो तो तू! घामाने निथळलेला, निळी कोरी चंचला ढकलत आणणारा, आणि तिचा मडगार्ड आत्तापासूनच सुटलेला. दारातूनच म्हणालास, "गणपत, तुझो चार्जर दी रे, माझो मागाहून येतलो." पत्र आता तुझ्याच हातात देतो, पण शेवटची ओळ लिहिल्यावर. कारण ओटीवरून सावित्रीने तुला नीट न्याहाळलं, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा हसून म्हणाली, "बरा झाला. ढकलूक आणखी एक माणूस गावलो."