परत येण्याची हमी

बडोदे,
११ मार्च १९७२

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर पार उजवीकडे कललंय तुझं, बहुतेक तिकडे रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवून. बातमी अशी की मला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला, असिस्टंटशिपसकट. सप्टेंबरात जायचं. शेजारच्या शांताबेननी तर आत्ताच डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या, हवे तो तुं पण गई. त्यांच्या लेखी तुझ्यामागून मीही गेलेच.

नानांनी पत्र दोनदा वाचलं आणि किती वर्षं एवढंच विचारलं. मी दोन म्हटलं. "वसंताही दोनच म्हणाला होता," असं तुझ्याबद्दल म्हणून ते खंडेराव मार्केटात भाजीला गेले आणि पिशवी इथेच राहिली. त्यांना हाका मारत घडियाळी पोळच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले मी.

दादा, कॉलेजात चार वर्षं मी मुलांना तीच क्षारपरीक्षा दाखवतेय. नळीत रंग कोणता येणार हे पावडर टाकायच्या आधी माहीत असतं. संध्याकाळी सुरसागरला फेऱ्या मारते, तरी पाय घरी यायला तयार नसतात. कमलाआत्याने करजणहून कोयलीच्या रिफायनरीतलं स्थळ सुचवलंय. मुलगा चांगला आहे, क्वार्टर्स मिळालेत, गॅस आहे. ऐकताना मला नुसतं खिडकीत जाऊन उभं राहावंसं वाटतं.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. मी गेले की नाना एकटेच. याचं काय करायचं ते मला सांग, आणि व्हिसाला काय विचारतात तेही. या दिवाळीला तू येणार आहेस का, हे विचारायला नानांनी सांगितलेलं नाही, मीच विचारतेय.

माया आहे तशीच असू दे, आणि उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी,
निरुपमा

क्लीव्हलंड,
२९ मार्च १९७२

चि. निरूस,
अनेक आशीर्वाद.

शाबास. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो.

व्हिसाचं घाबरू नकोस. एकच प्रश्न खरा: शिकून परत येणार का? ठणठणीत आवाजात हो म्हणायचं. बडोद्यात घर आहे, वडील आहेत, नोकरी आहे, असं सांगायचं. मीही तेच सांगितलं होतं आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. इथे आलीस की पदवी, मग नोकरी, मग ग्रीन कार्ड. पुढची वाट आपोआप सापडते. सगळे तसेच राहिलेत. कोयलीला नको म्हणून कळव.

नानांना इथे या म्हणून मी तीनदा लिहिलं. ते उत्तरात हवापाणी लिहितात. दिवाळीचं नक्की नाही, नवी नोकरी धरलीय. घर घेतलं आणि घेतल्यापासून रविवारी दुसरी घरं बघत हिंडतो. एका जागी मन लागत नाही म्हणून इथे आलो. इथेही लागत नाही, पण निदान इथे कोणी विचारत नाही.

तुझ्या आठवणीत मला जागा असू दे.
वसंतदादा

बडोदे,
७ जून १९७२

ती. दादास,
सा. न.

व्हिसा नाकारला.

मुंबईच्या वकिलातीतला साहेब वाईट वागला नाही. भाऊ-बहीण कोणी अमेरिकेत आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तो कशासाठी आला होता? शिकायला. परत गेला का? मी नाही म्हटलं. मग मी घर सांगितलं, वडील सांगितले, नोकरी सांगितली. हे सगळं तुझ्या भावालाही होतं, असं तो म्हणाला आणि पासपोर्ट परत दिला.

नाना बाहेर बाकावर दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. परतताना गाडीत त्यांनी डबा उघडलाच नाही. भरूचला नर्मदेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "वसंतामुळे?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि नदीकडे बघत राहिले.

मला तुझा राग आलाय, दादा. येऊ नये हे कळतं, तरी आलाय. तू काही गुन्हा केला नाहीस. पण तुझं न येणं आम्ही इथे घरात सांभाळलं, आणि तेच तिथे माझ्या आडवं आलं. पुढच्या महिन्याअखेर कोयलीची मंडळी बघायला येताहेत. नको म्हणायचं बळ सध्या माझ्यात नाही.

रागातही तुझीच,
निरुपमा

क्लीव्हलंड,
२० जून १९७२

चि. निरूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. आधी वाटलं, मी नागरिक झालो की तुझ्यासाठी अर्ज करीन. चौकशी केली, त्याला बरीच वर्षं जातील. मग वाटलं, मी परत येतो असं वकिलातीला लिहून द्यावं. गाडी घरासमोर उभी करून आत तसाच बसून राहिलो. लिहिलं असतं तर यावं लागलं असतं, आणि मी येणार नाही, निरू. हे इतकं स्पष्ट मी स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं.

कोयलीला हो म्हणालीस तर माझ्यामुळे म्हणू नकोस. पुन्हा अर्ज करता येतो. नानांना हे पत्र दाखव.

जमेल तितका जीव लाव.
वसंत

बडोदे,
६ ऑगस्ट १९७२

चि. वसंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम.

तुझे पत्र निरूने दाखवले. त्याच दिवशी करजणला जाऊन मी कमलाला सांगितले की कोयलीच्या मंडळींना बोलावू नये. ती रागावली. जेवायला वाढले, पण ताट आपटून.

गेल्या आठवड्यात निरूला पुन्हा मुंबईला नेले. साहेब दुसरा होता, प्रश्न तोच. भाऊ परतला नाही, मग तू कशी परतशील? निरूने सांगितले ते असे: "तो गेला तेव्हा घरात आई होती. मी गेले की वडील एकटे राहतील. म्हणून मला यावंच लागेल." व्हिसा मिळाला.

बाहेर आली ती पांढरीफटक. मला वाटले, पुन्हा नकार. गाडीत बसल्यावर तिने बोललेले जसेच्या तसे सांगितले आणि रडू लागली. म्हणाली, नाना, मी तुमचा उपयोग केला. आणि हे खरे आहे की खोटे, हे माझे मलाच कळत नाही.

मी चाळीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले, वाक्य कोणाला उद्देशून आहे हे मला कळते. मी म्हणालो, "ते तू साहेबाला सांगितलंस. मला काही सांगितलेलं नाहीस. माझ्याकडून तू मोकळी आहेस."

 सुरतेला तिने चहा मागितला, म्हणून मी निर्धास्त झालो.

आता तिची बॅग रोज भरली जाते आणि रोज उपसली जाते. घरात बसवत नाही म्हणून हे ओट्यावर लिहीत आहे. न्यूयॉर्कला तिला उतरवून घे. तिथेच राहा असे तिला सांगू नकोस, परत जा असेही नको. तिच्या मनात काय येईल ते तिचे तिला कळू दे.

तुझ्या पत्रातले 'मी येणार नाही' हे वाक्य मी अनेकदा वाचले. वाईट वाटले, पण दर दिवाळीला वाट पाहण्यापेक्षा ते सोसवते. तू येणार कधी, हे मी यापुढे विचारणार नाही. तूही मोकळा आहेस.

फक्त एकदा ये. राहायला नव्हे, भेटायला. तुला पाहून सात वर्षे झाली. तू आता कसा दिसतोस, हे मला फोटोवरून कळत नाही.

तुझ्याकडचा लोभ जमेल तसा असावा. इथला होता तसा आहे.
तुझा,
नाना