कोड्यातली जादा ओळ

४ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर शब्दाने शब्द वाढला असता. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तू नवी सिस्टिम टाकलीस, हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं. बाबांकडून नाही. एरवी रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. पडदा गोठलाय, प्रिंटर रुसलाय, काही ना काही असायचंच. मग मी सांगायचं, त्यांनी माऊस हलवायचा, आणि मधूनमधून गुडघ्याच्या, शेजाऱ्यांच्या गोष्टी. आता तीन रविवार झाले, फोन नाही. शेवटी मीच केला, तर म्हणाले, सगळं कसं झकास चालतंय. आणि मग तुझं कौतुकपुराण. ते संपेना, तशी मी दूध उतू चाललंय असं सांगून फोन ठेवला.

आणि 'चौकट'? साप्ताहिकाची शब्दकोडी बाबा ज्यावर बनवतात, तो प्रोग्राम मी कॉलेजात असताना त्यांच्यासाठी लिहिला होता. तो जाऊन म्हणे तिथे दुसराच आला. माझा जळफळाट झाला, लपवत नाही. त्या घरात माझं म्हणून तेवढंच उरलं होतं. तो परत बसव.

लोभ आहे, पण सध्या आटलाय. वाढवणं तुझ्या हाती.
तुझी,
नणंद


१२ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि लागलंही.

जुन्या सिस्टिमला आता कुणी वाली उरला नव्हता. साप्ताहिकाची वेबसाइट तिच्यावर उघडेना, म्हणून बाबांची कोडी जाईनात. संपादक म्हणाले, असंच चाललं तर सदर बंद करावं लागेल. मग मी मेमरी वाढवली, फायली बाजूला काढल्या, नवी डिस्क बसवली आणि सिस्टिम बदलली. 'चौकट' तिच्यावर चालतच नाही, त्याला मी काय करू?

जळण्यात मीही तुमच्यामागे नाही. मी कामाला जाते त्या दवाखान्यात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की डॉक्टरांपासून सगळे माझ्या नावाने हाका मारतात. घरी मात्र बाबांचं मशीन अडलं की ते माझ्यासमोरून फोन घेऊन खोलीत जातात, दार लोटतात आणि तुम्हाला विचारतात. मी इथे भाजी चिरत बसलेली. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. पहिला रविवार तुमच्याविना गेला तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते.

आणखी एक. 'चौकट' छापताना शेवटची ओळ गाळते, हे तुम्हाला माहीत होतं का? बाबांना पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून नऊ ओळींच्या कोड्याला ते दहावी ओळ जोडतात आणि तिच्यात मनाला येईल ते लिहितात. ती गळते, कोडं बरोबर नऊ ओळींचं निघतं. वन्संना सांगितलं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, तिला वाईट वाटलं असतं. माझ्या चहात साखर कमी पडली तर लगेच सांगतात. तुमच्या चुकीला मात्र त्यांनी ओळ जोडून दिली.

राग ओसरला की लोभ पाठवा.
आपली,
वहिनी


२ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

ती ओळ गळते हे वाचून माझे कान लाल झाले. मोजताना एक कमी मोजू नका, हे शाळेत मुलांना शिकवते मी.

त्यावर हे साप्ताहिक आलं. अडकलेली जुनी कोडी छापून संपली, तशी पहिल्या नव्या कोड्याला बाबांनी सवयीने दहावी ओळ जोडली आणि तुझ्या नव्या प्रोग्रामने ती इमानाने छापायला दिली. मागच्या अंकात कोड्याखाली एक रिकामी ओळ होती, आडव्या शब्दांच्या यादीत तिचा पत्ताच नव्हता. वाचकांनी डोकी खाजवली. या अंकात उत्तर आलंय: सून हट्टी पण हुशार. नऊ घरांत नऊ अक्षरं. खाली संपादकांची दिलगिरी.

मी पोट धरून हसले, आणि मग रडू आलं. इतकी वर्षं ते त्या ओळीत लिहीत होते. माझ्याबद्दल काही लिहिलं असेल तर ते माझ्याच चुकीने गळून गेलं, आणि छापली गेलेली पहिली ओळ तुझी. आता मी जळू नको तर काय करू?

जुन्या फायली तुझ्याकडे आहेत. त्यात मी आहे का, एवढं बघून कळव. नसले तरी कळव.

लोभ अजून धरलाय, घट्ट नाही.
तुझी,
नणंद


९ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

उत्तर छापून आल्यापासून बाबा माझ्या नजरेला नजर देत नाहीत. मी मात्र तो अंक दवाखान्यात सगळ्यांना दाखवला, 'हट्टी'वर बोट ठेवून.

जुनी एक फाइल उघडली. दहावी ओळ अशी आहे: लेक फार लांब राहते. पुढच्या उघडल्या नाहीत. मन मोठं करायलाही काही मर्यादा असते. त्या तुम्ही येऊन वाचा.

यायला कारणही आहे. बाबांनी कोडी थांबवलीत. लिहिलेलं सगळंच छापलं जाणार असेल तर मनातलं लिहायचं कुठे, म्हणतात. पुढच्या अंकाचं कोडं अजून गेलेलं नाही, संपादकांचे दोन फोन येऊन गेले. शेवटची ओळ गाळणारा प्रोग्राम मी लिहून देते, असं त्यांना सांगून पाहिलं. मला तो सहज जमला असता. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ते तिलाच जमेल. माझ्या पोटात दुखलं, आता काय लपवायचं.

तेव्हा 'चौकट' नव्या सिस्टिमसाठी पुन्हा लिहा, इथे, त्यांच्या शेजारी बसून. मी भाजी चिरेन, पण त्यांच्याच खोलीत. दार लोटू देणार नाही.

लोभ वाढवा, नाहीतर आहे तेवढा राहू द्या. चूक तेवढी दुरुस्त करू नका.
आपली,
हट्टी