जिल्ह्यापुरता व्हिसा

अम्मी,

गेल्या आठवड्यात एक पोलीस घरी येऊन गेला. तरुण होता, बोलायला नम्र होता, आत येताना बूट दाराबाहेर काढून आला. माझ्या पासपोर्टची चौकशी होती. तुझा नातू दुबईला नोकरीला आहे, त्याला मला महिनाभर तिकडं न्यायचं आहे. त्या पोलीस पोरानं आधार कार्ड बघितलं, मोबाइलवर माझा फोटो काढला, इथं किती वर्षं राहता ते विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "मावशी, परदेशात नातेवाईक कोण?" मी मुलाचं सांगितलं. "अजून कुणी?" तो म्हणाला. त्या दोन शब्दांसरशी मी दाराकडं बघितलं, ते बघणं माझं नव्हतं, तुझं होतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते जिथल्या तिथं होतं. म्हणून लिहायला बसले. घरात आपण दखनी बोलायचो, पण मी जन्मभर पोरांना मराठी शिकवली, आणि तूही पोलिसाशी भांडायचीस ती मराठीतच. तेव्हा हे मराठीतच लिहिते.

खाला आली ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस. अब्बा दूध संघाचा टेंपो चालवायचे, आणि निम्म्या कॅनी रिकाम्या खडखडत जायच्या. तुझी ही थोरली बहीण लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा जाणं-येणं एवढं अवघड नव्हतं म्हणे. पुढं लढाया झाल्या, वाटा बंद झाल्या, आणि माहेरी यायला तिला अर्धं आयुष्य गेलं. तिच्या अर्जात दोन गावं होती. एक येरमाळ्याजवळचं आपलं, आणि दुसरं बार्शी, कारण नानी बार्शीला मामूकडं होती. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं, ती खाटेवरच असायची. व्हिसा आला तो फक्त उस्मानाबाद जिल्ह्याचा. बार्शी कुठल्या टेबलावर गळाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. येरमाळ्याच्या फाट्यावरून एसटीनं तासाभराची वाट, पण बार्शी पडली सोलापूर जिल्ह्यात. फाट्यावर 'बार्शी' अशी पाटी लावलेली गाडी समोर उभी राहायची आणि खाला तिच्याकडं बघत राहायची.

पहिल्यांदा तिची नोंद करायला आपण उस्मानाबादला गेलो, ती दुपार मला अजून दिसते. मी तेव्हा अध्यापक विद्यालयात शिकत होते, सरकारी कागद वाचता येतात म्हणून तू मला बरोबर घेतलं होतंस. परक्या देशातल्या लोकांच्या नोंदी ठेवणारा कारकून पंख्याखाली बसलाय. बापाचं नाव, आजाचं नाव, कुठल्या रस्त्यानं गेलात, नवरा काय करतो, मुलं काय करतात, फौजेत कुणी आहे का, सगळं विचारून चार प्रतींत लिहितोय.

"जन्म कुठला?"

"ईट," खाला म्हणाली.

"ईट म्हंजे तिकडं कुठं?"

"तिकडं न्हाय, साहेब. आपल्या भूम तालुक्यातलं ईट," तू मध्येच म्हणालीस.

त्यानं मान वर केली. "आमची बहीण दिलीया ईटला," तो म्हणाला, मग जरा ओशाळला, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'पाकिस्तानी' असं लिहिलं. मग ओळखीची खूण विचारली. खालानं बाही मागं सारली. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

"ते म्या केलंय," तू म्हणालीस. "ल्हान होतो आमी. माझ्या हातनं तापलेलं उलथनं लागलं तिला."

"कुणी केलं ते लिहायला जागा न्हाय, बाई," कारकून म्हणाला.

मला हसू आलं होतं. तू परतीच्या एसटीत मात्र खिडकीबाहेर बघत म्हणालीस, आपल्या पोरपणातल्या भांडणाचा डागसुद्धा आता त्यांच्याकडं गेला.

नंतर ठाण्यातला जमादार यायला लागला. सायकलवरून यायचा, ओट्यावर बसायचा, गुडघ्यावर वही ठेवायचा. पाव्हणी कुठं गेली होती, कोण भेटायला आलं होतं, कराचीहून वर्षाला किती पत्रं येतात. एकदा म्हणाला, "ट्रान्झिस्टर आणलाय म्हणं पाव्हणीनं." तो ट्रान्झिस्टर आपण कुणाला दाखवला नव्हता. तू त्याला उत्तर दिलंस, पण तो गेल्यावर भिंतीला टेकून बसलीस आणि कोण कोण घरात येऊन गेलं ते आठवायला लागलीस. शेजारची ताक द्यायला आली होती. सोसायटीचा सेक्रेटरी अब्बांना हाक मारायला दारापर्यंत आला होता. त्या दिवसापासून ताकाची देवघेव बंद झाली. शेजारीण बिचारी दोनदा भांडं घेऊन आली. तू दारातूनच "आज नको" म्हणालीस. पुढं ती आलीच नाही.

बार्शीच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला होता. 'आई वृद्ध व अंथरुणास खिळून असल्याने.' प्रत्येक फेरीला एकच उत्तर मिळायचं, वर पाठवलंय. इकडं व्हिशाचे दिवस संपत चालले होते. मामूचा निरोप आला की नानी आता रोज विचारते, आली का गं. आणि अशा वेळी जमादार एका संध्याकाळी वही न काढता ओट्यावर बसला.

"भाभी, एक बोलू का? परवा येडेश्वरीची यात्रा. सगळं ठाणं बंदोबस्ताला आसतंय. सकाळच्या यष्टीनं पाव्हणीला घिऊन जावा, म्हातारीला भेटवा, दिस मावळायच्या आत माघारी या. कोण इचारतंय?"

"आन् कुणी इचारलं तर?"

"म्या कशाला इचारतोय?"

"तुमी न्हाय. तुमच्या वरचे."

तो हसला. "लई इचार करता बगा तुमी," म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

खालाचा चेहरा उजळला होता. तिनं तुझा हात धरला. "चल ना गे. अम्मा एक घंटे पे पडी है." तू हात सोडवून घेतलास. "नक्को, आपा. ये आदमी रस्ता दिखा रा कि गड्डा, कौन जाने." हद्दीपलीकडं सापडली तर तिला अटक होईल, पुन्हा कधी व्हिसा मिळणार नाही, अब्बांची संघातली नोकरी जाईल, मला मास्तरीण होऊ देणार नाहीत, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. खाला रडली नाही. उठून चुलीपाशी गेली आणि उगीच राख ओढत बसली. तू तिच्या मागं जाऊन उभी राहिलीस. मग म्हणालीस, "हद्द आपाला आहे. अम्माला कुठं आहे?"

दुधासाठी बर्फाच्या लाद्या आणायला संघाचा टेंपो मधून मधून बार्शीला जायचा. अब्बांना तुझा बेत कळला तेव्हा ते चिडलेच. "कंबर मोडलेल्या बाईला टेंपोत घालून आणायचं? वाटेत काही झालं म्हणजे?"

"झालं तर ती आपल्या मुलखात असेल," तू म्हणालीस. "आपाला काही झालं तर ती कुठल्या मुलखात असेल, ते सांगा मला."

अब्बा उठून खाट बांधायला दोऱ्या शोधायला लागले.

यात्रेच्या दिवशी उजाडताच तू आणि अब्बा निघालात. मी खालापाशी थांबले. रस्त्यानं माणसांनी भरलेल्या बैलगाड्या, ट्रक, हलगी, आराध्यांची गाणी. दुपारी आम्ही भाकरी करत होतो आणि दारात जीप थांबली. फौजदार उतरला. त्याच्यामागं आपला जमादार, जो बंदोबस्ताला असायचा होता.

"परदेशी बाई कुठंय?"

खाला पिठाच्या हातांनी बाहेर आली. फौजदारानं राहण्याच्या परवान्यावरचा फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला, परत फोटो बघितला. मला म्हणाला, "आई-बाप कुठं गेले?"

"बार्शीला. नानी आजारी आहे."

"मग ह्या नाही गेल्या?"

"त्यांना परवानगी नाही," मी म्हणाले.

फौजदार जमादाराकडं वळून बघतो. जमादार जमिनीकडं बघतो. मग तो माझ्याकडं पाणी मागतो, मी तांब्या देते, तो उभ्यानं पितो. तोवर फौजदार जीपमध्ये जाऊन बसलाय. तांब्या परत देताना जमादार अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणतो, "गेल्या न्हाईत व्हय?"

एवढंच. अम्मी, हे तीन शब्द मी जन्मभर तोंडात घोळवलेत. सुटका झाल्यासारखे म्हणून बघितलेत, हिरमुसल्यासारखे म्हणून बघितलेत. दोन्ही बसतात. तू परत आल्यावर मला खोदून खोदून विचारलंस, चेहरा कसा होता, आवाज कसा होता. मी सांगितलं, तांब्याभर पाणी त्यानं एका घोटात संपवलं. तू म्हणालीस, "उन्हानं. जाळं रिकामं निघालं त्याचं." मला मात्र वाटत राहिलं की कुणीतरी निनावी अर्ज केला असेल, फौजदारानं जमादाराला यात्रेतून उचलून जीपमध्ये घातलं असेल, आणि आपल्या घरापर्यंतची सगळी वाट त्या माणसाच्या जिवात जीव नसेल. तुला हे कधीच पटलं नाही. तू बरोबर असशीलही. तुझ्या शंकेमुळं खाला त्या दिवशी घरात होती, हे तर खरंच आहे.

ऊन उतरल्यावर टेंपो आला. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्यांना लागून खाट बांधलेली, खाटेवर नानी, आणि तू तिचं डोकं मांडीवर घेऊन. खाला धावत गेली. नानीचा हात हातात घेतला आणि ती किंचाळली, "हाथ ठंडे पडे!" तेवढ्यात नानीच बोलली, "बरफ के बाजू में बिठाए तो क्या गरम होते?" मग डोळे बारीक करून लेकीकडं बघितलं. "सूक गई गे. खाने को देते नै क्या उधर?" खाला हसत होती की रडत होती कुणाला कळेना. अब्बा तोंड फिरवून दोऱ्या सोडायला लागले.

त्या दोघी एका खाटेला चिकटून होत्या तेवढे दिवस. खाला नानीचे केस विंचरायची, नानी मेलेल्या माणसांची नावं घ्यायची आणि खाला प्रत्येकाला "हौ, याद है" म्हणायची. आणि तू उंबऱ्यात बसलेली असायचीस. मांडीवर सूप, सुपात मूठभर ज्वारी, डोळे रस्त्यावर. नानी हाक मारायची, "तू बी आ गे, बैठ." तू म्हणायचीस, "आते, अम्मा." तुझी आई आणि तुझी बहीण एका छताखाली पुन्हा कधी येणार नव्हत्या, हे तुला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी तू उठली नाहीस. एकच ज्वारी पुन्हा पुन्हा पाखडत राहिलीस.

जमादार दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्यानं नानीचंही नाव विचारलं. तू कडाडलीस, "तिचं नाव मतदार यादीत बगा. ती कुठनं आली न्हाय, हितलीच हाय."

"घरात माणूस वाढलं की लिवावं लागतंय, भाभी," तो म्हणाला. तुझ्याकडं बघितलं नाही त्यानं. लिहून घेतलं आणि गेला.

खाला मुदतीत गेली. जाताना तिची नोंद करायला पुन्हा त्याच पंख्याखाली बसावं लागलं. अर्जाचं उत्तर आलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. नानी परत बार्शीला गेली नाही. तिनं तुझ्याच घरात डोळे मिटले, आणि खालाला तार केली तेव्हा पोस्टमास्तरनं दोनदा पत्ता वाचून तुझ्याकडं बघितलं. माझ्या नेमणुकीच्या वेळी चारित्र्याची चौकशी आली, त्यातही खाला होती. तुझ्या बहिणीची पत्रं मग तू वाचून चुलीत घालायला लागलीस. हळूहळू ती यायचीच थांबली. त्या दिवसांबद्दल तुला कधी हळहळताना मी बघितलं नाही. निदान मला दिसेल असं नाही.

त्या तरुण पोलिसाला मी काय सांगितलं ते ऐक. "एक खाला होती कराचीत. वारली." तो म्हणाला, "मग ते कशाला लिहायचं, मावशी," आणि पुढच्या प्रश्नाकडं गेला. सुटले असं वाटायला हवं होतं. मला राग आला. तिचा आजा, तिची मुलं, तिच्या मनगटावरचा डाग एकेकाळी चार प्रतींत होता, आणि आता ती एका ओळीचीही राहिली नाही. आणि त्याच वेळी मी त्याच्या हातातल्या मोबाइलकडं बघत होते, की न लिहिता कुठं दाबलं तर नाही ना.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही. आत्ता वरपासून वाचून बघितलं. तुझं, खालाचं, नानीचं, अब्बांचं, आपल्या गावाचं, एकाचंही नाव मी लिहिलेलं नाही. ठरवलं नव्हतं, हातच टाळत गेला. खाली निदान तुझं नाव तरी लिहावं म्हणून पेन टेकवलं, उठले, दाराला कडी घातली, परत येऊन बसले. तरी लिहवलं नाही.